खिडकी दिसते केवढी, उघडते केवढी?

नवं घर घ्यायचं किंवा जुनं दुरुस्त करायचं ठरलं, की स्वयंपाकघराच्या ओट्यावरून आपण चार दिवस चर्चा करतो. ओटा काळा की हिरवा, कपाटं किती, भांडी घासायचं सिंक कुठल्या बाजूला, हे सगळं नेटानं ठरवून घेतो. फरश्यांचे नमुने पाहायला चार दुकानं हिंडतो. पडद्याचं कापड तर आपल्याशिवाय ठरतच नाही! पण ज्या खिडकीला तो पडदा लावायचा ती कशी असावी, हे आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. बिल्डर बसवील ती खिडकी, नाहीतर ॲल्युमिनियमवाला म्हणेल ती.

खरं म्हणजे सकाळी खिडकी उघडणारा हात आपला. पाऊस आला की धावत जाऊन ती लावून घेणारा, तावदानं पुसणारा, जाळीवरची धूळ झाडणारा हातही बहुतेक घरांत आपलाच. मग निवड करताना तेवढं आपण बाजूला का राहायचं?

सध्या तर हा प्रश्न पुष्कळ घरांत आला आहे. मुंबई-ठाणे-पुण्याकडे जुन्या सोसायट्या पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. जिथे इमारत तीच आहे, तिथेही जुन्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या काचांच्या बसवण्याची लाट आहे. जुनी खिडकी कुरकुरते, पावसात फुगते, तेव्हा काढून टाकावीशी वाटणं साहजिक आहे. पण मैत्रिणींनो, काढण्यापूर्वी एक प्रश्न मनाशी पक्का धरा. नवी खिडकी दिसते केवढी, ते सगळेच बघतात. ती उघडते केवढी?

थोडा हिशेब करू या

आपल्या देशात घरबांधणीसाठी राष्ट्रीय इमारत संहिता आहे. ती 1970 साली पहिल्यांदा निघाली आणि पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. प्रत्येक शहराची बांधकामाची नियमावली वेगळी असली, तरी ही संहिता मार्गदर्शक मानली जाते. खोलीच्या जमिनीच्या मानाने खिडक्या-झरोके किती असावेत, ते तिने हवेप्रमाणे सांगितलं आहे. कोरड्या उष्ण हवेत निदान एक-दशांश, मध्यम हवेत एक-अष्टमांश, आणि कोकणपट्टीसारख्या दमट उष्ण हवेत एक-षष्ठांश. शिवाय खिडकीचा काही भाग कायमचा बंद असेल, तर जेवढा भाग उघडतो तेवढाच धरायचा.

आता समजा, तुमची झोपायची खोली 12 फूट बाय 10 फुटांची आहे. जमीन झाली 120 चौरस फूट. तिचा सहावा हिस्सा 20 चौरस फूट, म्हणजे 5 फूट रुंद आणि 4 फूट उंच अशी खिडकी. झडपांची असेल तर ती सगळीच्या सगळी उघडते. त्याच जागी दोन काचांची सरकती खिडकी बसवली, तर एक काच दुसरीच्या मागे जाते आणि मोकळी जागा राहते 10 चौरस फूट. प्रमाण झालं एक-द्वादशांश. संहितेत हे प्रमाण थंड प्रदेशासाठी दिलेलं आहे! मग मे महिन्यात रात्री पंखा गरम हवाच फिरवतो, यात नवल ते काय?

हवा म्हणजे नुसता गारवाही नव्हे, बरं का. स्वयंपाकाचा धूर, ओल्या कपड्यांची वाफ, न्हाणीघराचा दमटपणा हे सगळं बाहेर जायला वाट लागते. ती अपुरी पडली, की कपाटाच्या मागे बुरशी धरते आणि चामड्याच्या चपलांना वास येतो. आणि 2020 साली आलेल्या करोनाच्या साथीनं तर घरात एक जण आजारी असला की उघडी खिडकी किती मोलाची, हे सगळ्यांनाच शिकवलं.

झडपांची खिडकी

बिजागऱ्यांवर दारासारखी उघडणारी ही आपल्या ओळखीची खिडकी. पूर्ण उघडते हा तिचा सर्वांत मोठा गुण. वारा बाजूनं वाहत असला, तर झडप अर्धवट उघडी ठेवून तो आत वळवताही येतो. चौकटीला रबराची पट्टी बसवली, तर मिटल्यावर ती घट्ट बसते. त्यामुळे रस्त्याचा आवाज आणि धूळ सरकत्या खिडकीपेक्षा कमी येते. झडपा आत उघडणाऱ्या असतील, तर दोन्ही बाजूंच्या काचा घरात उभं राहून पुसता येतात.

दोषही आहेत. वारा सुटला की झडपा आपटतात, म्हणून प्रत्येक झडपेला मजबूत हूक हवाच. आत उघडणारी झडप जागा खाते, पडद्यात अडकते आणि खेळणाऱ्या मुलाच्या डोक्याला लागते. बाहेर उघडणारी असेल, तर ग्रिल पुढे काढावं लागतं किंवा गज आतून बसवावे लागतात. डासांच्या जाळीचीही पंचाईत होते. मग जाळीची वेगळी, आत उघडणारी झडप करून घ्यावी लागते.

लाकडी झडप पावसात फुगते, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. पाऊस संपून लाकूड सुकलं, की फट पडते. तेवढ्यापुरती मेणबत्ती कडांवर घासा. उन्हाळ्यात लाकूड पूर्ण वाळलं की मग बेतानं रंधा मारून चारही कडांना तेलरंग द्या. वरची आणि खालची कड डोळ्याआड असते, म्हणून तिथे रंग द्यायचा राहून जातो आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. सागवानाची जुनी खिडकी असेल, तर ती काढण्याआधी दोनदा विचार करा. पुष्कळदा नव्या बिजागऱ्या आणि एक रंग एवढ्यावर ती आणखी पुष्कळ वर्षं काढते.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत याच खिडकीचा एक शहाणा प्रकार दिसतो. चार झडपा, दोन वर आणि दोन खाली. खालच्या लावल्या की रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसत नाही, आणि वरच्या उघड्या ठेवल्या की उजेड-वारा चालू राहतो. तळमजल्यावर किंवा गॅलरीला लागून खोली असेल, तर आजही असली खिडकी करून घेण्यासारखी आहे. दिवसभर पडदा ओढून अंधारात बसण्यापेक्षा हे बरं नाही का?

सरकती खिडकी

ही आता जवळजवळ प्रत्येक नव्या इमारतीत असते. ती लोकप्रिय झाली ती उगीच नव्हे. जागा अडवत नाही, आपटत नाही, हवी तेवढी सरकवून ठेवता येते. ग्रिल आणि जाळी दोन्ही सहज बसतात. खिडकीच्या कट्ट्यावर कुंडी किंवा तांब्या ठेवला तरी अडचण होत नाही. लहान खोलीत, पलंगाशेजारी किंवा ओट्यावर ती खरोखर सोयीची पडते.

पण अर्धीच उघडते, हे वर पाहिलंच. तीन ट्रॅकची खिडकी म्हटली, की बहुधा दोन काचा आणि एक जाळी असते, म्हणजे उघडते तेव्हाही अर्धीच. तीन काचांची केली तर दोन-तृतीयांश उघडते, पण मग जाळीसाठी आणखी एक ट्रॅक लागतो. रुंद भिंत असेल तर तो खर्च करण्यासारखा आहे.

दुसरा दोष ट्रॅकचा. त्यात धूळ, केस, कबुतराची पिसं साठतात. पाणी बाहेर जावं म्हणून ट्रॅकला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती तुंबली की पावसाचं पाणी ट्रॅक भरून आत येतं आणि खालच्या भिंतीचे पोपडे निघतात. मे महिन्याच्या शेवटी जुन्या दात घासायच्या ब्रशानं ट्रॅक घासून घ्या आणि काडीनं भोकं मोकळी करा. नवी खिडकी बसवून झाली, की कारागीर जाण्यापूर्वी तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता. ते सगळं बाहेर गेलं पाहिजे. आत आलं, तर पैसे देण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

चौकट कशाची घ्यावी? ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही आणि फुगत नाही, पण उन्हात तापतं. पातळ सेक्शन घेतला, तर काच ओढताना चौकट लवते. हल्ली यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटी निघाल्या आहेत. त्या कमी तापतात आणि झडपांच्या असतील तर आवाज चांगला अडवतात. मात्र मोठ्या खिडकीला आत पोलादी पट्टी घातली आहे की नाही, ते विचारून घ्या. लोखंडी चौकट मजबूत खरी, पण समुद्राजवळच्या गावात गंज तिला सोडत नाही.

इतर प्रकार

काचपट्ट्यांची खिडकी न्हाणीघरात आणि संडासात चांगली. पट्ट्या तिरप्या ठेवल्या, की साधा पाऊस आत येत नाही आणि दमट हवा बाहेर जात राहते. पण ती कधीच घट्ट मिटत नाही, त्यामुळे डास आणि धूळ येतातच. शिवाय पट्ट्या खाचेतून बाहेरून काढता येतात, तेव्हा मागे गज हवेतच. धुवायच्या वेळी मात्र याच गोष्टीचा उपयोग होतो. एकेक पट्टी काढायची, साबणाच्या पाण्यातून काढून पुन्हा बसवायची.

वरच्या बाजूला बिजागरी असलेली आणि खालून बाहेर उघडणारी खिडकी पावसाळ्यात छत्रीसारखं काम करते. हवा बेताचीच येते, पण पावसातही उघडी ठेवता येते. जिन्यात, न्हाणीघरात किंवा मोठ्या खिडकीच्या वरच्या भागात ती शोभते.

जमिनीपासून वरपर्यंत काचेची फ्रेंच विंडो दिवाणखान्याला मोठेपणा देते, यात शंका नाही. गॅलरी असेल तर उजेड-वारा भरपूर. पण तोंड पश्चिमेला असेल, तर दुपारी खोली भट्टी होते. उंबरा पुरेसा उंच नसेल, तर पावसाचं पाणी सरळ आत. काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड, हवी. ती फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत, बारीक खडे होतात. घरात रांगतं मूल असेल, तर यात काटकसर नको.

कायमच्या बंद मोठ्या काचेबद्दल एवढंच सांगते. तिच्यातून उजेड येतो, ऊनही येतं, वारा मात्र येत नाही. शेजारी उघडणारा भाग किती, ते मोजून मगच हो म्हणा.

आणि झरोका! दारावरची किंवा छताजवळची ही छोटी खिडकी नव्या घरांतून जवळपास नाहीशी झाली आहे. गरम हवा वर चढते आणि तिला वरच्या वर बाहेर जायला वाट लागते, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं. माळवदाच्या घरांत तर छतालाच झरोका ठेवीत. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं असत, त्यांतून ऊन मऊ होऊन आत येई. आपल्या घरात शिंपले नाही बसवले, तरी दारावर फूटभर उंचीचा उघडता झरोका करून घेणं मुळीच अवघड नाही.

दिशा आणि समोरची वाट

पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात दुपारनंतर तापते, आणि कोकणपट्टीत पाऊसही मुख्यतः त्याच बाजूनं झोडपतो. तिथे रुंद छज्जा हवा. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा असेल, तर ती फार गुणी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून हवंहवंसं ऊन आत येतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो आणि छज्जाची सावली पडते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही खिडकीला लागू आहे. वाऱ्याला आत यायची वाट लागते तशी बाहेर जायचीही लागते. एकाच भिंतीला दोन मोठ्या खिडक्या असण्यापेक्षा समोरासमोर दोन लहान बऱ्या. खिडकी बदलणं शक्य नसेल, तर निदान समोरचं दार लाकडी अडणा लावून उघडं ठेवा, जाळी महिन्यातून एकदा धुवा आणि खिडकीसमोर आलेलं कपाट हलवा. धुळीनं भरलेली जाळी अर्धा वारा अडवते आणि आपण दोष पंख्याला देतो.

मुलं, आग आणि खिडकी पुसणारी बाई

आता जरा गंभीर बोलू. वरच्या मजल्यावरच्या खिडकीला ग्रिल हवंच. उभ्या गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी असू द्या. आडव्या पट्ट्यांची नक्षी दिसायला छान, पण मुलाला ती शिडीच होते. खिडकीखाली पलंग, सोफा, टेबल ठेवू नका. डासांची जाळी मुलाला अडवते असं समजू नका. ती डासांसाठी असते, मुलाचं वजन ती पेलत नाही.

पण पूर्ण घर पिंजऱ्यासारखं बंद केलं, तर आग लागल्यावर बाहेर पडणार कुठून? आगीत ज्वाळांच्या आधी धूर माणसाला गाठतो. म्हणून प्रत्येक घरात निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग करून घ्या, माणूस बाहेर निघेल एवढा. अग्निशमन दलाच्या शिडीला पोचता येईल अशा, रस्त्याच्या बाजूची खिडकी त्यासाठी निवडा. कुलूप आतून, आणि किल्ली मुलांच्या हाताला न लागेल पण घरातल्या मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा ठरलेल्या खिळ्याला. वर्षातून दोनदा ते कुलूप उघडून पाहा. गंजलेलं कुलूप असून नसल्यासारखं. आणि त्या भागात कुंड्या किंवा रद्दी रचू नका.

खिडकी पुसण्याचंही असंच. वरच्या मजल्यावरच्या सरकत्या खिडकीची बाहेरची काच आतून हाताला लागत नाही. मग दिवाळीच्या सुमारास कुणीतरी कट्ट्यावर उभं राहून, एका हातानं चौकट धरून पुसतं. कधी आपण, पुष्कळदा आपल्याकडे कामाला येणारी बाई. तिला कधीही खिडकीत उभं करू नका आणि तुम्हीही उभ्या राहू नका. लांब दांड्याचा पुसणा वापरा, नाहीतर ॲल्युमिनियमवाल्याला बोलावून काच आतून उचलून काढून घ्या. तेही जमत नसेल, तर काच मळकी राहू द्या. मळक्या काचेनं कुणाचा जीव जात नाही.

कुठल्या खोलीला कुठली?

झोपायच्या खोलीला झडपांची, शक्यतो पूर्ण उघडणारी. रस्त्याची वर्दळ असेल, तर रबर लावलेली.

दिवाणखान्याला भिंत रुंद असेल, तर तीन काचांची सरकती किंवा मधे बंद काच आणि दोन्ही बाजूंना झडपा.

स्वयंपाकघराला संहितेप्रमाणे निदान एक चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फुटांची खिडकी हवी आणि ती मोकळ्या जागेत उघडायला हवी. ओट्यावर आत उघडणारी झडप नळाला आणि बरण्यांना अडते, म्हणून तिथे सरकती चालेल, पण रुंद घ्या आणि वरच्या भागात एक्झॉस्ट पंख्याची सोय ठेवा. शेगडी नेमकी खिडकीखाली नको, वाऱ्यानं ज्योत विझते. गॅसचा वास आला तर खिडकीच्या जोडीला दारही उघडा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो. विजेच्या बटणाला आणि पंख्याला हात लावू नका, सिलिंडरचा नॉब बंद करा आणि 1906 या क्रमांकावर कळवा, तेही घराबाहेर जाऊन.

न्हाणीघराला काचपट्ट्यांची किंवा वर बिजागरी असलेली.

करार करण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

नकाशा किंवा दरपत्रक समोर आलं, की हे एवढं विचाराच.

1. ही खिडकी फूट-इंचांत किती उघडते?
2. बाहेरची काच आतून पुसता येते का?
3. तिरपा पाऊस आला तर पाणी कुठून बाहेर जाईल?
4. जाळी लावल्यावर हात बाहेर काढता येतो का, आणि ग्रिलचा कुठला भाग उघडतो?
5. रोलर, रबर, बिजागरी खराब झाली तर ती बदलून मिळते का, आणि कुणाकडे?

"वहिनी, सगळीकडे असंच बसवतात" असं उत्तर मिळालं, तर तेवढ्यावर गप्प बसू नका. घरातल्या मंडळींनाही हा हिशेब कागदावर करून दाखवा. बारा गुणिले दहा, भागिले सहा. आकडा समोर आला, की वाद निम्म्यावर येतो.

पडद्याचं कापड त्यानंतर निवडा. ते काय, पुढच्या दिवाळीला बदलता येतं. खिडकी एकदा भिंतीत बसली की बसली.